पडवीतला फळा

आमच्या महाडच्या शाळेतले गणिताचे मास्तर एका जागी बसून कधी बोललेच नाहीत. सारख्या येरझाऱ्या, आणि खडू या हातातून त्या हातात. “आठवडाभर सगळे विषय तळ्यावरच शिकवू! पायऱ्या मोजल्या की गणित, पाणी येतं कुठून हा भूगोल, काठावर बसून निबंध.”

“आणि पडवीतली चौघं?” मी विचारलं; मी तिथे मराठी शिकवायचो. अस्पृश्य म्हणून ती पोरं वर्गाबाहेर बसत. त्यांना तळ्यावर कोण येऊ देणार?

खडू थांबला. गडबडले की त्यांच्या तोंडी पोलादपूरची बोली यायची. “ध्यानातच नाय आली रे!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळाच पडवीत नेला. आता आठवडाभर धडा पडवीचा: तिची लांबी-रुंदी, खांबांचं लाकूड कुठल्या रानातलं, ऊन कसं सरकतं. सगळा वर्ग बाहेर जाऊन बसला.

मी मात्र उंबऱ्याच्या आतूनच बघत राहिलो.