आईच्या तोंडात बाबांची कवळी

मंडळी, आज कुडाळात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कवळी बसवून आले. पोरगी गोड आहे. तोंडाचं माप तिने दोनदा घेतलं होतं. आज विचारलं, "मावशी, कुठे टोचतंय का?" आणि माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नव्हे.

साठच्या दशकात बाबांनी मुंबईहून ॲक्रिलिकची कवळी करून आणली. गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात! कट्टा गावातल्या आमच्या घरी अख्खी वाडी बघायला लोटली. आईचे दात तर बाबांच्या आधीच गेलेले. ती भात कुस्करून गिळायची. तिलाही कवळी हवी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाबा गेले. तेराव्यानंतर आत्या ती कवळी धुऊन घेऊन आली. "वयनी, हे दात आता तुका चलतले. फुकट कित्याक घालवचे?"

आईने घातली. हिरड्यांतून रक्त आलं. काका म्हणाले, "सवय होतली."

खरं सांगा, तुमच्या आईच्या तोंडाचं माप कुणी कधी घेतलं होतं?

आमच्याकडे आईचा एकच हसरा फोटो आहे. त्यातले दात बाबांचे आहेत.