लाल नळाचं गार पाणी

आमच्याकडे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत, उन्हाळ्यात नळ उलटे चालतात. गच्चीवरची टाकी तापते, म्हणून निळ्या नळाला कढत पाणी येतं. बंद ठेवलेल्या गीझरमधलं पाणी एसीने निवतं, म्हणून गार पाण्याला लाल नळ सोडायचा. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. रत्नागिरीहून नुकत्याच आलेल्या माझ्या आईला सांगायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

लेकीच्या काचेच्या टाकीत आफ्रिकेतल्या मलावी सरोवराची पिवळी मासोळी होती. तिथल्या खडकांच्या कपारीत राहणारी ही जात अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, आई उपाशी. घाबरली तर सगळी गिळूनही टाकते. तिथलं पाणी क्षारांचं, म्हणून लेकीने उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावरून शिंपले आणून टाकीत घातले होते. काचेला बोट लावायची आम्हाला बंदी होती. मासोळीच्या तोंडातली पिल्लं आज-उद्या सुटणार होती.

त्या सकाळी टाकीतलं पाणी कमी दिसलं, म्हणून आईने निळ्या नळाची बादली आणून ओतली.

"आई, मासे शिजवायचेत का तुला?" मी ओरडलेच. पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं गरम झालं होतं. मासोळी वर येऊन कल्ले भराभर हलवत होती, कारण तापल्या पाण्यात श्वास पुरत नाही. तोंड मात्र मिटलेलंच.

मी बर्फ आणला, तर लेक रडत आडवी आली. "मॉम, नो! शी विल स्वॅलो देम!"

मग झाकण काढून पंखा लावला, फ्रिजमधली लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, गार बाटली पाण्यात तरंगत ठेवली आणि लाल नळाचं पाणी मगाने हळूहळू सोडत राहिले. आई समोर स्टुलावर बसून होती. दुपारी जेवायला हाक मारली तर "भूक नाही" म्हणाली. माझा राग उतरला नव्हता, मी आग्रह केला नाही.

संध्याकाळी मासोळीने तोंड उघडलं. तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं बाहेर सांडली. आई पाहायला वाकली, तिची सावली पडली, आणि मासोळीने पिल्लं पुन्हा तोंडात ओढून घेतली. आई चटकन मागे सरली.

"भिऊ नको गो बाय, मी नाही आता पाणी घालत."

हळूहळू पिल्लं परत बाहेर आली. लेकीने माशांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे टाकले. मासोळी त्या दाण्यांवर तुटून पडली.

ती खाताना पाहून आई माझ्याकडे वळली.

"आता मलाही वाढ," म्हणाली.