होमास्तर आणि टेकडीची बस

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत दिवसभर काचा घासायच्या आणि संध्याकाळी व्यायामशाळेच्या माडीवर लोकांना ऐनवेळचं नाटक शिकवायचं, हा होमास्तरांचा उद्योग. ऐनवेळचं म्हणजे संहिता नाही, पाठांतर नाही. समोरचा जे बोलेल ते उचलायचं आणि पुढे न्यायचं. समोरचा म्हणाला, "तुझ्या डोक्यावर कावळा बसलाय," तर "छे, कुठे?" म्हणणारा नापास. "हो, आणि मेला भाडंही देत नाही," म्हणणारा पास. या 'हो, आणि'पायी लोकांनी त्यांना होमास्तर करून टाकलं. खरं नाव फक्त ताईच्या तोंडी उरलं होतं.

ताई म्हणजे थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि टेकडीवरच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार सुरू झाला. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. पहाटे टेकडीवरून एक बस खाली जायची, तिच्या जिवावर ताईची नोकरी चालली होती.

नगरपालिकेत तेव्हा रोजची हमरीतुमरी. एका सभेत एका सदस्याने दुसऱ्याच्या अंगावर माइक फेकला, तेव्हा नगराध्यक्षबाईंनी मास्तरांना बोलावलं. "आमच्या लोकांना एकमेकांचं ऐकायला शिकवा हो," म्हणाल्या. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. राज्य करणारी माणसं समोरच्याचं बोलणं झेलायला शिकली, तर जगाची निम्मी डोकेदुखी जाईल, असं त्यांना फार वर्षांपासून वाटायचं. भाबडा माणूस! पालथ्या घड्यावर पाणी पडणार, असं सगळे म्हणत होते, पण घडे सुलटे निघाले. सदस्य शिकले. कुणाला तोडून बोलेनात, एकमेकांना सांभाळून घेऊ लागले. सभा कशा लोण्यासारख्या होऊ लागल्या.

मग टेकडीची बस बंद करायचा ठराव आला. बस तोट्यात होती म्हणे. पूर्वी विरोधकांनी टेबलं बडवून तो वर्षभर लटकवला असता. आता त्यांचा पुढारी उठला आणि म्हणाला, "हो, आणि वाचलेल्या डिझेलच्या पैशांतून बाग करू." टेकडीवरचे लोक सुनावणीला आले होते. मास्तरांना बाईंनी आपल्या शेजारी बसवलं होतं, ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. काय बोलायचं ते तिने भाकरी भाजता भाजता घोकलं होतं, आणि तिचा नंबर पुढचाच होता.

"बस गेली की टेकडीकरांना रोज चालायचा व्यायाम होईल," नगराध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी माइक मास्तरांकडे सरकवला. "काय मास्तर?"

आयुष्यभराची खोड ती. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "हो, आणि आम्ही इतके ठणठणीत होऊ की इस्पितळच बंद करावं लागेल!"

सभागृह खो खो हसलं. ही थट्टा वळवून बाईंच्याच पदरात टाकायची, असं मास्तरांच्या मनात होतं. वर्गात तसंच करतात. पण माइक परत गेला होता. "बघा, तुमचेच मास्तर!" म्हणत बाईंनी सदस्यांना हात वर करायला सांगितले आणि ठराव एकमताने पास झाला. ताईचा नंबर आला तेव्हा लोक अजून डोळे पुसत होते. ती उठली, "माझं काही नाही," म्हणाली आणि बसली.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानातून सुट्टी घेऊन बाईंच्या कचेरीत गेले. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आज सरळ 'नाही' म्हणायचं. "बाई, माझं चुकलं. बस बंद करू नका. म्हाताऱ्या बायका त्या उतारावरून पहाटे चालू शकत नाहीत."

"हो मास्तर, अगदी बरोबर," बाई मन लावून ऐकत म्हणाल्या. "आणि म्हणूनच आपण एक समिती नेमू. तुम्ही तिच्यावर याच." चहा मागवला. दारापर्यंत सोडायला आल्या. भांडायला कुठे फटच ठेवली नाही. आपणच शिकवलेलं किती चांगलं जमलंय त्यांना, हे मास्तरांना जिना उतरताना कळलं, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

टेकडी चढून घरी आले तेव्हा ताई गुडघ्यांना तेल लावत होती.

"ताई, मी तोंड बंद ठेवायला हवं होतं."

"जाऊ दे रे."

"तू बोलणार होतीस. माझ्यामुळे राहिलं."

"तुझ्यामुळे कशाला?" ताई तेलाची वाटी बाजूला ठेवत म्हणाली. "तू ते इस्पितळाचं बोललास ना, तेव्हा मीसुद्धा हसले. पोट धरून हसले बघ. नोकरी गेली हे घरी आल्यावर लक्षात आलं."