हळदीकुंकू लावलेला कागद

“काका, बाबा गेले...” सुदामच्या मुलीनं फोनवर एवढंच सांगितलं. त्याला आता महिना होत आला, तरी कुठं अन्याय झाल्याचं वाचलं की माझा हात फोनकडेच जातो. शहरासाठी तो नावाजलेला वकील होता. माझ्यासाठी तो एक नंबरचा हट्टी मित्र. विद्यापीठाच्या नामांतरासाठी त्यानं लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात जाऊन आला आणि सुटल्यावर पुन्हा मोर्चात दिसला.

नामांतर व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. दौलताबादच्या पलीकडं मेंढरं राखणाऱ्या सोनाबाईकडं एक परदेशी पाहुणा ताक प्यायला थांबला आणि जाताना नखाएवढे दोन कागद देऊन गेला. त्यांवर सूर्याचं तोंड छापलेलं. बाईला वाटलं, देवच आहे. एक तिनं हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात चिकटवला, दुसरा ताम्हनात ठेवून अभिषेक केला आणि तीर्थ प्यायली. मग दिवसभर तिला डोंगर श्वास घेताना दिसला, मेंढरांवर रंग चढताना-उतरताना दिसले. अंगात खंडोबा आला म्हणून गाव दर्शनाला लोटलं... त्या गर्दीमागोमाग पोलीस आले आणि देव्हाऱ्यातल्या कागदासकट बाईला धरून घेऊन गेले.

ते कळताच सुदाम तडक चिकलठाण्याला माझ्याकडं आला. तिथल्या औषध कारखान्यात मी केमिस्ट होतो. “बाईच्या कागदात एलएसडी निघालंय. हे एलएसडी म्हणजे काय असतंय रे?” मी सांगितलं, आपल्या बाजरीवर अरगट पडतो ना, तसल्याच बुरशीतल्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत बनवतात. एका स्विस शास्त्रज्ञाच्या अंगात चुकून कणभर गेलं तेव्हा त्याचा गुण कळला. डॉक्टरांनी काही वर्षं मनोरुग्णांवर वापरून पाहिलं, मग तरुण पोरं नादी लागली आणि देशोदेशी बंदी आली. नसलेलं दिसतं, वेळेचं भान सुटतं, कुणी घाबरून कड्यावरूनही उडी टाकतं. “आणि आपला नवा कायदा,” सुदाम म्हणाला, “दहा वर्षांच्या खाली बोलतच नाय.”

नामांतराच्या दंगलीत सोनाबाईच्याच गावानं सुदामच्या मावशीचं घर जाळलं होतं. मित्रांनी वकीलपत्र घेऊ नको म्हणून विनवलं. तो म्हणाला, “खटला बाईचा हाय, गावाचा नाय.”

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा सोनाबाई ठाम बोलली, “देवच आला व्हता साहेब, खोटं कशाला सांगू?” सुदामनं शांतपणे देव्हाऱ्यातून जप्त केलेला कागद पुढं केला. “साहेब, चोरटा माल बाळगणारा त्याला हळदीकुंकू लावत नाही.” बाई सुटली. बाहेर मी त्याला छेडलं, “काय रे, देव आला होता म्हणे?” “मला नाय पटत. पण तिला पटलं होतं, आणि कोर्टात प्रश्न तेवढाच होता.”

फी म्हणून सोनाबाईनं तेच ताम्हन दिलं. देव न मानणाऱ्या सुदामनं ते जन्मभर टेबलावर ठेवलं. दारात आलेल्या गरिबाचे कागद त्यात पडले, की तो खटला त्यानं घेतला असं आम्ही समजायचो.

परवा त्याच्या ऑफिसात गेलो. ताम्हन लख्ख होतं आणि त्यात एक घडी घातलेलं वकीलपत्र पडलेलं. त्याच्या मुलीनं ते उचललं, खुंटीवरचा आपला काळा कोट चढवला. “चला काका, आज याची तारीख आहे.”