वटवाघळांचं झाड आणि पुण्याचा पाहुणा

पुण्याहून आलेल्या सल्लागाराने मला फसवलं. माझी वाट माझ्याकडून काढून घेतली आणि आमच्याच उद्यानाला स्वतःची म्हणून विकली. संचालकांनी ते उघड्या डोळ्यांनी होऊ दिलं.

वाट म्हणजे बेंगळुरूच्या कडेला, तळ्याकाठच्या आमच्या निसर्ग उद्यानातली तासाभराची फेरी. मी तिथे तिकीट खिडकीवर कामाला लागले आणि लोकांचे प्रश्न ऐकत ऐकत मार्गदर्शक झाले. पदवी नाही. वडील चिकपेटमध्ये एका साडीच्या दुकानात नोकरीला होते, तिथल्या गादीवर माझं शिक्षण झालं. कांजीवरम कधी आधी उघडायची नाही, हे मी तिथे शिकले. आधी साध्या सुती साड्या, मग बारीक काठाच्या. गिऱ्हाईकाची नजर तयार होऊ द्यायची. पहिल्याच घडीला डोळे दिपले की मग ते बाकीच्या मालाला हातही लावत नाही.

उद्यानातली कांजीवरम म्हणजे जुन्या रेनट्रीवर उलटी लटकलेली शेकडो वटवाघळं. ती मी शेवटी ठेवली. आधी एक कुरतडलेलं पान दाखवायचं आणि विचारायचं, "हे कोणी खाल्लं?" मग लाल मुंग्यांनी पानं शिवून केलेलं घरटं. तिथे मी सांगत असे, आमचं घर शिंप्यांचं, सणाच्या दिवसांत सुई अशीच एका हातातून दुसऱ्या हातात फिरायची. एवढं निरखून बघता बघता शाळेची पोरं आपोआप हळू बोलायला लागत. झाडाखाली पोचल्यावर कोणाला गप्प करावं लागत नसे, आणि वटवाघळांची झोपही मोडत नसे.

मग हा आला. कोरमंगलातला फ्लॅट, पांढरे बूट, आणि काम असं की आमच्याकडे येणाऱ्यांचा 'अनुभव' सुधारायचा. पानावरची अळी दाखवली तर म्हणाला, "ही मेलीय का?" पण मराठी बोलायचा. तीन आठवडे फोनवर माझं सगळं रेकॉर्ड करत मागे फिरला आणि शेवटी बसवनगुडीत माझ्या घरी जेवायला आला.

"ताई, कसलं भारी आहे हे! एंड टू एंड व्हिजिटर जर्नी आहे, आणि तुम्हाला पत्ताच नाही."

"पत्ता नसता तर इतकी वर्षं काय चुकून त्याच झाडाखाली पोचत होते?" मी म्हटलं. "स्वल्प थांब, पोळी वाढते."

"स्वल्प! म्हणजे थोडं? तुमचं मराठी किती क्यूट आहे, ताई."

मी त्याला आणखी एक पोळी वाढली. म्हणाला, वाटेवर पाटी लागेल, तिच्यावर तुमचं नाव असेल, आणि शिक्षण विभागाच्या प्रमुख तुम्हीच. माझा शब्द.

कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव पक्का केल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही. पण त्याच्याकडे मी लेखी कागद मागितला नाही. कामावर इतक्या वर्षांत माझ्याशी मराठीत कोणी बोललंच नव्हतं. कन्नडात लबाड माणूस मला दोन वाक्यांत कळतो. मराठी माझ्यासाठी फक्त घरातली. तिच्यात कोणी लबाडी करेल, हे डोक्यातच आलं नाही.

सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर माझे थांबे होते, माझे प्रश्न होते, नाव त्याचं होतं. मुंग्यांपाशी ऐकवायचं रेकॉर्डिंगही त्याने लावलं: भाड्याचा गोड आवाज इंग्रजीत म्हणतो, आमचं घर शिंप्यांचं. याचे वडील बँकेत अधिकारी होते, हे त्याने माझ्याच घरी जेवताना सांगितलं होतं.

एकच बदल त्याचा स्वतःचा होता. लोकांना 'वाव' लगेच हवा, म्हणून वटवाघळं पहिली. झाडासमोर फाटक, फोटोचा चौथरा आणि लाउडस्पीकर.

मी उठून म्हटलं, "गोंगाट करत आलेले लोक आधीच तिथे नेलेत तर वटवाघळं जातील."

संचालक म्हणाले, "अक्का, स्वल्प सुम्निरी." म्हणजे ताई, जरा गप्प बसा. सल्लागाराने पुढची स्लाइड लावली. दुसऱ्या दिवसापासून मला फाटकावर लोकांच्या मनगटाला कागदी पट्ट्या बांधायला बसवलं.

उन्हाळा संपायच्या आत झाड रिकामं झालं. लोक चौथऱ्यावर चढतात, वर बघतात, मला विचारतात, "कुठे आहेत?" मुंग्यांपर्यंत कोणी जातच नाही.

आणि आता माझ्याच हातात नोटीस आली आहे. मार्गदर्शकांच्या गटांच्या गोंगाटामुळे वटवाघळं गेली, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, नाहीतर नोकरीचा विचार करावा लागेल. खाली संचालकांची सही. मसुदा त्याचा, हे मला 'अनुभव' शब्द तीनदा आल्यावरून कळलं.

माझा खुलासा हाच. आता त्याने द्यावा. शाळेची पुढची सहल येईल तेव्हा त्याने त्या रिकाम्या झाडाखाली उभं राहावं, संचालकांनी शेजारी उभं राहावं, आणि पोरांना सांगावं की लाउडस्पीकर कोणी लावला आणि वाट कोणाची होती. मराठीत सांगावं. त्या पोरांना मी कन्नडात समजावीन. त्याचा एक शब्दही गाळणार नाही.