साडूंचा संडास

लातुरात शेताच्या धुऱ्या-बांधासाठी भांडणारी माणसं आहेत, मानपानासाठी भांडणारी आहेत, नळाच्या पाळीसाठी तर सगळीच भांडतात. पण स्वतःच्या संडासासाठी उभी कॉलनी अंगावर घेणारा माणूस त्या शहरात एकच झाला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. माणसाला एक वेळ बायको पसंत करता येते, साडू मात्र आधीच बैठकीत येऊन बसलेला असतो. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा या गृहस्थांनी माझी नोकरी, शिक्षण काही विचारलं नाही. "नांदेडात तुमच्या घरी संडासात एका टायमाला पाणी किती टाकता?" हा पहिला प्रश्न. मी गडबडून "बादलीभर" म्हणालो. "तुम्ही गोदाकाठची माणसं, तुमचं काय बाबा," असं म्हणून त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. लग्न जमलं, पण त्या बादलीवरून त्यांनी मला जन्मभर ऐकवलं.

साडू एसटीत कंडक्टर होते, आणि निवृत्तीनंतरही कंडक्टरकी काही अंगातून गेली नाही. लग्नाच्या पंगतीत "पुढं सरका, पुढं लई जागा हाय" म्हणत ते वाढप्यांच्या आधी फिरत. देवळाच्या रांगेत अनोळखी माणसांना सुट्टे काढून ठेवायला सांगत. कुणाच्याही घरी गेले तरी बसायचे दाराजवळ, एक पाय उंबऱ्यात ठेवून. लोकांना ती मोटारीतली सवय वाटे. तशी ती नव्हती.

त्यांचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद असं घर. ज्या पहाटे जमीन हलली, त्या पहाटे पहिल्या गाडीची ड्यूटी होती म्हणून साडू लवकर उठून टमरेल घेऊन परसाकडे गेले होते. टमरेल घेऊन परतले तेव्हा घर राहिलं नव्हतं, आणि घरात निजलेली आई राहिली नव्हती. आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, बाळंतपणाला माहेरी होती म्हणून ती आणि तान्हं पोर वाचलं. आईबद्दल साडू कधी बोलत नसत. विषय निघालाच तर म्हणत, "मला देवानं न्हाई वाचवलं, पोटानं वाचवलं." तेव्हापासून त्यांनी डोक्यावर पत्र्याशिवाय दुसरं काही येऊ दिलं नाही, आणि ज्या कामानं जीव वाचवला त्या कामाला कुणी नाक मुरडलं तर खपवून घेतलं नाही.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना लोकांना संडास बांधून मिळाले, पण पाण्याचा पत्ता नव्हता. लोकांनी त्यात गोवऱ्या भरल्या. तिथे मदतीला आलेल्या एका परमुलखातल्या मास्तरांनी साडूंना कोरड्या संडासाची विद्या दिली. खाली दोन हौद, एक चालू, एक बंद. पाणी ओतायचं नाही, उरकलं की वरून राख आणि भुसा मूठभर टाकायचा. धुण्याचं तांब्याभर पाणी वेगळ्या नळीनं बाहेर अळूच्या वाफ्यात जातं. एक हौद भरला की झाकून वर्षभर निवांत पडू द्यायचा, मग त्यातून काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं खत निघतं. जुनी माणसं त्याला सोनखत म्हणायची. साडू नुसतं "सोनं" म्हणत, त्यामुळे नवख्या पाहुण्याचे डोळे उगाच चमकत.

लातुरात त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं आणि अंगणात हा संडास. घराला रंग द्यायचं राहून गेलं, संडासाला मात्र लालपरीचा लाल रंग दिला. वर कहर म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीची घंटी आणून आत दोरी सोडली. आत गेल्यावर दोरी एकदा ओढायची, म्हणजे गाडी थांबली आहे, कुणी येऊ नका. उरकल्यावर दोनदा, म्हणजे डबल बेल, जाऊ द्या. त्यामुळे साडूंकडच्या पाहुण्यांचं पोट कसं आहे हे गल्लीला पाठ असे. माझी बायको एकदा म्हणाली, "दाजी, ती घंटी तेवढी काढा, लाज वाटते." तर म्हणाले, "मोटारीतून उतरताना घंटी मारायला लाज वाटती का? मग इथं का?" आक्का त्या प्रकाराला सरळ चावटपणा म्हणे. संसारात इतकी वर्षं गेली, पण तिनं दोरीला हात लावला नाही. ती आतून नुसती खोकायची.

हौद उपसायची पाळी आली की साडू लुंगी खोचून स्वतः उतरत. भावकीतल्या शहाण्यांनी सांगून पाहिलं की हे आपलं काम नव्हे, माणूस लावावा. साडूंनी फावडं न थांबवता विचारलं, "खाताना बोलावलं होतं का त्याला? मग हे काढायला कोणत्या तोंडानं बोलावू?" त्यावर भावकी गेली ती बरेच दिवस आली नाही. मला आजही वाटतं, त्या घराण्यात इतकं सरळ वाक्य दुसरं कुणी बोललं नाही.

मग शहरात क्लासेसचं वारं सुटलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊ लागली, आणि ज्या कॉलनीत लोक भूकंपाच्या भीतीनं एक मजलाही दबकत चढवायचे तिथे तीन-तीन मजली होस्टेलं उभी राहिली. साडूंच्या भिंतीला भिंत लावून मुलींचं एक होस्टेल झालं. त्याच्या मालकांना हा लाल संडास डोळ्यांत खुपू लागला; आईबाप खोल्या बघायला येतात, खिडकीतून हेच दिसतं. त्यांनी कॉलनीच्या सह्या घेऊन तक्रार केली. चौकशीला आलेल्या साहेबानं नाकावर रुमाल धरून दार उघडलं, रुमाल काढून पुन्हा हुंगलं, आणि वास सापडेना म्हणून खजील झाला. साडूंनी त्याच्या तळव्यावर मूठभर खत ठेवलं. पाडायला सांगायला आलेला माणूस अळूच्या पानांची जुडी घेऊन गेला. कॉलनीचा राग मात्र दुप्पट झाला, आणि तो निघाला येळवसेला.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, लातूरकरांचा खरा सण. त्या दिवशी सगळं शहर कुलूप लावून रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी करायची, पांडवांची पूजा करायची आणि हिरव्या दाण्यांची-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबील खायची. ज्याला शेत नाही त्याला दुसरा ओढून नेतो. रानात आलेल्याला उपाशी धाडणं पाप, आणि आपल्या रानात कुणीच न येणं ही त्याहून मोठी नाचक्की. साडूंचा जमिनीचा तुकडा शहराबाहेर होता, हौदातलं सोनं तिथेच जाई, आणि त्यांच्याकडे दरवर्षी जत्रा लोटे. त्या वर्षी कॉलनीत आणि भावकीत एकच बोललं गेलं: त्या खतावरचं खायचं नाही. दुष्काळ असा होता की शेजारची रानं करपून गेली होती. साडूंचा हरभरा तेवढा हिरवा होता, आणि तोच गुन्हा ठरला.

आक्कानं नेहमीसारखं मोठं पातेलं भरून भज्जी केली. आम्ही दोघं नांदेडहून गेलो होतो. ऊन चढलं तरी पाचवं पान मांडायची वेळ येईना. साडू धुऱ्यावर उभे राहून, डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघत होते. मी म्हणालो, "भाऊ, आपण बसू या." ते म्हणाले, "रिकामी गाडीबी न्यावी लागती, पावणं. फेरी रद्द करता येत न्हाई." पण आवाज नेहमीचा नव्हता. मला त्या दिवशी त्या सगळ्या कॉलनीचा मनस्वी राग आला.

आणि साडू एकदम शहराकडे चालू लागले. "जेवण थंड होईल," आक्का म्हणाली. "होऊ दे," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यात काय आलं ते नंतर कळलं. शेजारच्या होस्टेलचे नळ त्या हिवाळ्यात केव्हाच आटले होते, टँकर येईल तेव्हा खरा, आणि मालकांच्या नाकावर टिच्चून त्या मुली रोज सकाळी लाल दारापुढे रांग लावत होत्या. साडू त्यांना "पुढं सरका" म्हणत राख वाटत. आज मेसचा स्वयंपाकी येळवसेला रानात गेला होता, मेस बंद होती, आणि परीक्षेपायी घरी न गेलेल्या पोरी खोल्यांत बिस्किटं खात बसल्या होत्या.

साडू दोन टमटम भरून मुली घेऊन आले. पानं मांडली. आणि जन्मभर कुणाला जुमानलं नाही तो माणूस वाढायचं थांबून चाचरत म्हणाला, "पोरींनो, आधी सांगतो. हे आपल्याच संडासाच्या खतावरचं हाय. चालत नसंल तर राग न्हाई." मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मग किनवटची एक काटकुळी मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही वाढा आधी. मेसमधलं काय घालून पिकवलंय ते कोणी सांगते का आम्हाला?" पातेल्याचा तळ लागेपर्यंत पंगत चालली. मुली आपल्या जबाबदारीवर आहेत म्हणून मागोमाग होस्टेलचे मालक आले, ते धुऱ्यावर अवघडून उभे राहिले. येळवसेला रानात पाय टाकलेला माणूस उपाशी जात नाही. साडूंनी त्यांच्या हातात आंबिलीचा पेला दिला, आणि त्यांनी तो रिकामा करून दुसरा मागितला. त्यानंतर त्या संडासाबद्दल कॉलनीत चकार शब्द निघाला नाही.

साडू गेले त्याला आता काही वर्षं झाली. झोपेत गेले, पत्र्याखाली. दिवसकार्य झालं आणि पुण्याला असणारा मुलगा म्हणाला की या जागेवर तीन मजले सहज चढतील, सुरुवात अंगणापासून करू. तो वाईट मुलगा नाही, आईला सुख लागावं एवढंच त्याच्या मनात. आक्का हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ठरल्या दिवशी गडी घण घेऊन आले. ते लाल दाराशी पोचणार तोच आक्का सावकाश उठली, कोनाड्यातलं राखेचं डबडं घेतलं, आत गेली आणि कडी लावली. आम्ही ताटकळत उभे राहिलो. खोकल्याचा आवाज येईल असं मला वाटत होतं.

घंटी वाजली. एकदाच.

गड्यांना काही कळलं नाही. मुलगा कंडक्टरचा, त्यानं पुढच्याच्या हातातला घण घेऊन भिंतीला टेकवून ठेवला आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. आक्का तिच्या सवडीनं बाहेर आली, हात धुतले, सगळ्यांसाठी चहा टाकला. संडास जागेवर आहे, अळू माजलं आहे. येळवसेला आम्ही अजून जातो. पण त्या दिवसाची डबल बेल आक्कानं अजून दिलेली नाही.