कुलथ्यांची चौथी दिशा

कारखान्यात माल रोज गेटाबाहेर जातो, किस्से मात्र टाइम ऑफिसातच साठत राहतात. पन्नासच्या दशकात मी पिंपरीला हजेरी कारकून होतो, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नव्हती! महिन्यात उशिराच्या तीन तांबड्या खुणा पडल्या की नोकरी गेली, हा नियम. खुणा मारायचे आमचे टाइमकीपर कुलथे. हा माणूस फिजिक्सची पुस्तकं पोथीसारखी वाचायचा.

*

एकदा मी त्यांना घरी चहाला बोलावलं. स्टेशनापासून पूर्वेला शंभर पावलं, उत्तरेला पन्नास, वरचा मजला, असा चोख पत्ता दिला.

"ही तीन मापं झाली," कुलथे म्हणाले. "चौथं? किती वाजता? काळ हीसुद्धा दिशाच आहे हो. ती चुकली तर मी येईन आणि तुम्ही नसाल."

*

फोरमननं त्यांना टोमणा मारला, काळ दिशा असेल तर मागं का जाता येत नाही?

"सायकलला रिव्हर्स गिअर असतो का, राव? म्हणून काय मागं रस्ताच नाही?"

*

भोंगा मागच्या गेटला उशिरा ऐकू येतो, अशी तक्रार आली. कुलथे हातात घड्याळ घेऊन भर उन्हात चालत गेले. आवाजाला तिथवर पोचायला दोन सेकंद लागतात, असं निघालं. लगेच मागच्या गेटला दोन सेकंद माफ!

भोसरीचा धोंडिबा त्या दिवशी त्याच गेटानं मिनिटभर उशिरा आला. कुलथ्यांनी त्याचेही दोन सेकंद वजा केले, अठ्ठावन्न उरले म्हणाले, आणि दुसरी तांबडी खूण मारली.

*

महिना संपायला एक दिवस होता. धोंडिबाची गाय विताना अडली आणि तो पुन्हा मिनिटभर उशिरा आला, या वेळी पुढच्या गेटानं. तिसरी खूण! मॅनेजरसाहेबांनी नोटीस टाइप करवून त्याला बोलावलं. कुलथे रजिस्टर घेऊन उभे, मी दारात.

मी स्वतः खिडकीतून तुला उशिरा येताना पाहिलंय, साहेब म्हणाले.

आता, आदल्याच दिवशी कुलथ्यांनी धोंडिबाला सांगितलं होतं की सूर्य दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा, ध्रुवतारा तर काही शतकांपूर्वीचा; तिथून उजेड यायलाच तेवढा वेळ लागतो. दिसतं ते सगळंच जुनं असतं.

धोंडिबानं हात जोडले. "व्हय साहेब. पन दिसतं ते आदीच झालेलं असतं म्हनं. म्हंजे तुमी बघायच्या आदीच मी आलो व्हतो."

साहेबांनी कुलथ्यांकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. खिडकी ते गेट दोनशे फूट. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला.

"बरोबर आहे साहेब. सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागानं आधी."

"आणि उशीर?"

"एक मिनिट," कुलथे मान खाली घालून म्हणाले.

साहेबांनी नोटिशीवर सही केली आणि ती कुलथ्यांच्या हातात दिली.

"धोंडिबाला पोचती करा," ते म्हणाले. "ध्रुवताऱ्यावरून वळसा घालून."